कापसाच्या जिल्ह्यातली बिनकापसाची गोधडी

मंडळी, गेले दोन-तीन वीकएंड किल्ले, लढाया आणि तहनामे झाले. आजचा विषय एकदम घरगुती आहे. गोधडी! नाकं मुरडू नका, यातही इंग्रज आहेत, रेल्वे आहे, अमेरिकेतलं यादवी युद्ध आहे. फक्त ते सगळं कापडाच्या घड्यांखाली दडलंय.

आधी एक कोडं. महाराष्ट्रात कापूस म्हटलं की जी नावं पहिल्या दमात तोंडात येतात त्यातलं एक म्हणजे यवतमाळ. दिवाळीनंतर या जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना पांढरं झालेलं शिवार आणि जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग. आता याच जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात, जुन्या घरात घडवंचीवर रचलेल्या गोधड्यांमधली एक उचला आणि कोपरा थोडासा उसवून बघा (घरातल्या आजींना आधी विचारा, नाहीतर जेवण मिळणार नाही). आत काय निघेल? जुनं लुगडं. धोतराचा तुकडा. सदऱ्याची पाठ. कुणाच्या तरी परकराचा घेर. सगळं निघेल, पण कापूस निघणार नाही!

म्हणजे बघा, ज्यांच्या शेतात कापूस, ज्यांच्या घरात वेचणीच्या दिवसांत कापसाचा ढीग आढ्याला टेकलेला, त्यांच्या अंथरुणात मात्र चिंध्या. असं का? या एका प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की वऱ्हाडाचा दीडशे वर्षांचा इतिहास उलगडतो.

पण आधी गोधडी म्हणजे नक्की काय ते बघू, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती पांघरली आहे पण शिवताना पाहिलेली नाही. नावं गावागणिक वेगळी. आपल्याकडे गोधडी, कोल्हापूरकडे वाकळ, कर्नाटकात कौदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. मूळ कल्पना एकच: जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड थरावर थर ठेवायचं आणि सगळे थर धावदोऱ्याने एकमेकांना जखडून टाकायचे. मधल्या थरांत हवा अडकते आणि ती ऊब धरून ठेवते. झालं. थर्मल इंजिनियरिंग!

काम उन्हाळ्यातलं. कापसाचा शेवटचा वेचा संपला, पऱ्हाटी उपटून झाली, की पावसाळ्याआधीच्या दुपारी बायकांच्या हाती लागतात. अंगण किंवा ओसरी झाडून घ्यायची, लुगडं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड. त्यावर जुनी फडकी लावायची, जिथे विरलंय तिथे जास्तीचा तुकडा. वरून दुसरं लुगडं. कडा आत दुमडून कच्चे टाके घालायचे आणि मग काठापासून सुरुवात करून चौकोनात चौकोन शिवत मध्याकडे यायचं. शिवण मध्यात येऊन मिळाली की गोधडी पूर्ण. शेजारणी चार बाजूंना बसल्या तर काम लवकर उरकतं, आणि गावातल्या बातम्याही.

आता आपल्या सवयीप्रमाणे थोडं गणित. नऊवारी लुगडं म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की दोन मीटरच्या जरा वर, रुंदी सव्वा मीटरच्या आत. म्हणजे बरोबर एका माणसाचं पांघरूण! (चौघडी हा शब्द आठवला ना?) आता समजा टाक्यांच्या ओळी बोटाच्या अंतरावर, म्हणजे दोन सेंटिमीटरवर आहेत. दोन मीटर बाय एक मीटर दहा सेंटिमीटर एवढ्या गोधडीत मिळून ११० मीटर शिवण होते. एक टाका आणि पुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला तर ११,००० टाके. एका टाक्याला ५ सेकंद धरा, १५ तासांच्या वर गेलं. त्यात कापड निवडणं, धुणं, लावणं धरलेलंच नाही. आणि हातात अंगुस्तानही बहुतेक वेळा नसतं. हे तास तुमच्या कंपनीच्या बिलिंग रेटने गुणून बघा, आणि मग प्रदर्शनात गोधडीच्या किमतीवर घासाघीस करा!

एवढी मेहनत स्वतःसाठी कोण करतं? गोधडी बहुतेक वेळा दुसऱ्यासाठीच शिवली जायची. लेक बाळंतपणाला माहेरी आली की तिची आई आणि आजी बाळंतविड्याच्या तयारीला लागायच्या: झबली, टोपडी, कुंची, लंगोट आणि दुपटी. दुपटं म्हणजे गोधडीचंच धाकटं भावंडं. यात एक नियम ठरलेला, की बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते जुनेराचं. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर. कारण सांगताना दोन सांगायच्या, एक म्हणजे नवं कापड टोचतं, आणि दुसरं म्हणजे वडीलधाऱ्यांच्या अंगावरचं वस्त्र म्हणजे त्यांचा आशीर्वाद. दोन्ही कारणं मला पटतात. नव्या सुती कापडाला खळ असते, ती शंभर धुण्यांत निघून जाते. एखाद्या गोष्टीला मऊ व्हायला वीस वर्षं लागतात आणि मग ती नातवाला मिळते, ही कल्पनाच भारी आहे.

म्हणजे जुनं कापड ही घरातली ठेव होती. आणि ठेव होण्याएवढं कापड महाग का होतं, याचं उत्तर इतिहासात आहे.

तर मंडळी, चला १८५३ मध्ये. हैदराबादच्या निजामावर इंग्रजांच्या फौजेच्या खर्चाचं कर्ज थकलं होतं. त्यापोटी त्याने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. आजचा यवतमाळ जिल्हा त्याच वऱ्हाडाचा भाग. पुढे त्याला वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हे नाव मिळालं १९०५ मध्ये. कापूस इथे आधीपासून होताच. तो बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल दूर गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा आणि तिथून होडीने कलकत्त्याला. हे लादणं आणि नेणं करणारे मुख्यतः बंजारा. पण बराच कापूस इथेच राहायचा. घरातल्या बायका सूत काढायच्या, गावातला विणकर त्याचं कापड करून द्यायचा. जाडंभरडं असेल, पण शेत ते अंग हा प्रवास पंचक्रोशीतच संपायचा.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतली बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवलं, आणि वऱ्हाडचा कापूस अचानक सोन्याच्या भावाने जाऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पण इंग्रजांना चटक लागली होती. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. वऱ्हाडात कापूस खात्याचा स्वतंत्र कमिशनर नेमला गेला, नाव रिव्हेट-कार्नॅक.

या गृहस्थाचा १८६८-६९ चा अहवाल म्हणजे प्रामाणिकपणाचा नमुना आहे. त्यात त्याने जे मांडलंय त्याचा मतितार्थ असा: या भागात रेल्वेचा फाटा आणला तर विलायती कापड इथल्या कापडापेक्षा स्वस्तात विकता येईल. त्याने दोन फायदे होतील. इथे सूतकताईत खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल, आणि कताई-विणकामात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील.

पुन्हा एकदा वाचा. आपल्याकडे अशा योजनेला प्रोजेक्ट प्लॅन म्हणतात. आणि हा प्लॅन डिलिव्हर झाला! विणकराचे माग थंडावले, चरखे माळ्यावर गेले, कताई करणाऱ्या बायका कापूस वेचायला गेल्या. त्यांच्या ओटीत कापूस होता, पण तो गावाबाहेर जायचा. साऱ्याचे पैसे, सावकाराचं व्याज, बियाणं, सगळं त्या कापसातून फिटायचं. आणि अंगावरचं कापड मात्र आता विकत आणायचं, रोख पैसे मोजून, कधी पुढच्या पिकाच्या भरवशावर उधार.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द यवतमाळातही आगगाडी आली. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ अशी नॅरोगेज. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने कापसासाठी टाकलेली, आपली लाडकी शकुंतला. आता ती धावत नाही, पण तिच्याबद्दल यवतमाळकर अजून हळवे होतात. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये बनलेलं, १९२३ पासून १९९४ पर्यंत ते गाडी ओढत होतं. आणि बनलं कुठे? मँचेस्टरला! कापूस जायचा मँचेस्टरला, कापड यायचं मँचेस्टरहून, आणि तो नेणारं इंजिनही मँचेस्टरचं. असं सर्कल क्वचितच एवढं पूर्ण होतं.

आता आपल्या कोड्याचं उत्तर बघा. कापूस हे विकायचं पीक होतं, तो उशीत भरायची चैन नव्हती. पिंजाऱ्याला बोलावून, धनुकलीने कापूस पिंजून गादी आणि रजई भरून घेणारी घरं होती, पण ती व्यापाऱ्याची, सावकाराची. बाकीच्यांकडे परत आलेलं कापड होतं, तेही विकत घेतलेलं. म्हणून त्याचा एक सूतही वाया जाता कामा नये. लुगडं विरलं की त्याचं दंड घालून पुन्हा नेसणं, मग परकर, मग पोरांची झबली, मग गोधडीचा वरचा थर, ती फाटली की नव्या गोधडीचा आतला थर, आणि अगदी शेवटी पोतेरं. एका कापडाच्या एवढ्या आवृत्त्या! १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात तर या कापसाच्या प्रांतात धान्यावाचून माणसं मेली. अशा काळात आईने लेकीला गोधडी दिली तर ती हौस नव्हती. घरात जे खरोखर स्वतःचं उरलं होतं, म्हणजे जुनेर आणि उन्हाळ्यातल्या दुपारी, तेच तिने दिलं होतं.

बंजाऱ्यांचं काय झालं? रेल्वेने त्यांच्या बैलांचं काम काढून घेतलं. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूला तांडे शेतीत स्थिरावले. (मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, याच समाजातले.) पण तांड्यातल्या बायकांनी सुई सोडली नाही. दुपदरी-तिपदरी कापडावर दाट टाके, आरसे, कवड्या लावून केलेली कोथळी, म्हणजे पिशवी, ही लग्नातली मानाची वस्तू. कर्नाटकातल्या त्यांच्या भाऊबंदांच्या संडूर लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्याकडच्या तांड्यांतही तेच टाके आहेत.

आणि आपल्या वऱ्हाडाचाच आणखी एक माणूस इथे आठवायलाच हवा. गाडगेबाबा. हातात गाडगं म्हणून गाडगेबाबा हे सगळ्यांना माहीत आहे, पण चिंध्या जोडलेल्या वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवाही म्हणत. ज्या मुलखात कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर चिंध्या होत्या, तिथे त्यांनी चिंध्याच अंगावर घेतल्या.

आता थोडं साता समुद्रापार जाऊ. ज्या यादवी युद्धाने वऱ्हाड कापसाला जुंपलं, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं? अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका वळणावर जीज् बेंड नावाची वस्ती आहे. १८१६ मध्ये जोसेफ जी नावाच्या माणसाने तिथे कापसाचा मळा काढला, १८४५ मध्ये तो मार्क पेटवेकडे गेला. राबणारे गुलाम. युद्धानंतर ते स्वतंत्र झाले, पण जमीन मालकाचीच. खंडाने कापूस पिकवायचा आणि दुकानदाराची उधारी फेडायची. आजही तिथे कित्येकांचं आडनाव पेटवेच आहे. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या बायकोने वसुलीसाठी घराघरांतून जनावरं, अवजारं, धान्य, सगळं उचलून नेलं. ओळखीचं वाटतंय ना?

आणि या वस्तीतल्या बायका काय करायच्या? जुन्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवायच्या! गुडघ्यावर विटलेल्या डेनिमच्या पँटी, खतांच्या पोत्यांचं कापड, सगळं. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ मध्ये, नवरा वारल्यावर, त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. कशासाठी? त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपता यावं म्हणून. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत, तिथल्या बायकांनी सहकारी संस्था काढून गोधड्या विकायला सुरुवात केली. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं, मग न्यूयॉर्कला गेलं, समीक्षकांनी त्यांना आधुनिक चित्रकलेच्या रांगेत बसवलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली.

जीज् बेंडच्या पेटवे बाईने यवतमाळचं नाव ऐकलेलं नसणार, आपल्या आजीने अलाबामाचं. पण एकाच बाजाराच्या दोन टोकांना दोघी बसल्या होत्या, दोघींनी कापूस वेचला, तो दोघींच्या हातातून गेला, आणि जे फाटकं परत आलं त्यातून दोघींनी आपल्या माणसांसाठी ऊब शिवली. फरक एवढाच, की त्यांच्या गोधड्या भिंतीवर गेल्या आणि आपल्या माळ्यावर. असो.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा जरा काळजीचा आहे. गोधडी शिवणारे हात कमी होतायत अशी ओरड आपण नेहमी करतो. मला वाटतं अडचण आणखी वेगळी आहे. गोधडीला लागणारं कापडच जुनं होईनासं झालंय! १९६० च्या दशकात टेरिलीन आलं, मग टेरिकॉट, मग नायलॉनच्या साड्या. १९८२ मध्ये रिलायन्सचा पाताळगंगेचा कारखाना सुरू झाला आणि पॉलिएस्टरचं सूत देशभर पसरलं. यात बायकांची चूक काढायला जाऊ नका. साडी स्वस्त, धुवायला हलकी, इस्त्री नको, रंग उडत नाही, वर्षानुवर्षं फाटत नाही. दिवसभर शेतात राबून रात्री विहिरीवर धुणं धुणाऱ्या बाईला हे वरदानच होतं.

पण गोधडीसाठी ते निरुपयोगी. कोरडं सुती कापड हवेतली साधारण ८ टक्के ओल धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सुती गोधडीत घाम टिपला जातो आणि सिंथेटिकच्या गोधडीत माणूस चिकचिकतो. शिवाय ते शंभर धुण्यांनंतरही मऊ होत नाही, दोन थर एकमेकांवरून सटकतात, टाका धरत नाही. परिणाम असा, की आज यवतमाळच्या खेड्यातही, दारात कापूस असताना, बाळंतविडा तालुक्याच्या दुकानातून तयार येतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत पॉलिएस्टरचा भराव. रिव्हेट-कार्नॅकच्या प्लॅनचं दुसरं व्हर्जनच म्हणा ना. पहिल्यात कापूस गेला आणि कापड परत आलं. या वेळी कापूस जातो आणि जे परत येतं त्यात कापूसच नसतो.

शहरात उलटं चित्र. प्रदर्शनांत बचत गटांच्या गोधड्या मिळतात, नव्याकोऱ्या सुती कापडाच्या, देखण्या. जरूर घ्या, पैसे पूर्ण द्या, वरचा ११,००० टाक्यांचा हिशेब विसरू नका. पण ती गोधडी आणि बाळंतविड्यातली गोधडी यात एक फरक राहतो. दुसरीतल्या प्रत्येक तुकड्याला मालक होता. हा मामाच्या सदऱ्याचा, हा आत्याच्या लग्नातल्या पातळाचा, हा पणजीच्या लुगड्याचा काठ. आमच्या घरी रात्री पोरं झोपेपर्यंत आजी बोट ठेवून तुकडे ओळखून घ्यायची, आणि न पाहिलेली माणसं आम्हाला अशी कापडावरून माहीत झाली.

आपल्या धंद्यात पॅच हा शब्द रोज दहा वेळा येतो. जुन्या काळी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे, आणि चूक दुरुस्त करायची तर त्या जागी खरोखर कागदाचा तुकडा चिकटवायचे. तिथून तो शब्द आला. पण आपण पॅच लावल्यावर कमीत कमी एक ओळ लिहून ठेवतो, कुणी लावला आणि का. गोधडीतली ती ओळ कुणीच लिहून ठेवलेली नाही, ती फक्त आजीच्या तोंडी आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एवढं करा. माळ्यावरची गोधडी खाली काढा, उन्हात टाका, आणि आई, आजी, मावशी, जी असेल तिला शेजारी बसवून एकेक तुकडा कुणाचा ते विचारा. वहीत लिहून घ्या. आणि घरात सुती साड्या असतील तर त्या बोहारणीला भांड्यांवर देऊ नका. वीस वर्षांनी कुणाच्या तरी बाळाला लागतील.